मुलाचे शिक्षण आणि घराचा जमाखर्च

बारावीचा निकाल लागला की महाराष्ट्रातील हजारो मध्यमवर्गीय घरांत एक अंदाजपत्रक मांडले जाते. ते कागदावर असेलच असे नाही. प्रवेश शुल्क किती, वसतिगृहाचे वा खोलीचे भाडे किती, खानावळीचे किती, येण्याजाण्याचे किती, हे आकडे एका बाजूला. भविष्य निर्वाह निधीतून मिळणारी उचल, शिक्षक पतसंस्थेचे कर्ज, आईच्या पाटल्या किंवा गावाकडची विकायला काढलेली दहा-वीस गुंठे जमीन दुसऱ्या बाजूला. घर लहान असते, भिंती पातळ असतात; ही बेरीज-वजाबाकी मुलाच्या कानांवर पडतेच. किंबहुना अनेक घरांत ती त्याच्या कानांवर पडावी अशीच योजना असते. आपल्यासाठी आई-बाप काय सोसत आहेत हे कळले म्हणजे पोरगा नेटाने अभ्यासाला लागेल, असा त्यामागचा सरळ हिशेब असतो.

हा हिशेब तपासून पाहण्याची वेळ आली आहे. महाविद्यालयात जाणाऱ्या मुलामुलींच्या मानसिक स्वास्थ्याविषयी अलीकडे पुष्कळ लिहिले-बोलले जाते. पालकांना केला जाणारा उपदेश बहुधा 'मुलांशी मैत्रीने वागा, संवाद साधा' अशा स्वरूपाचा असतो. तो चुकीचा आहे असे कोण म्हणेल? परंतु मुलाने आई-बापांजवळ मन मोकळे करण्याच्या आड नेमके काय येते, याचा शोध घेतल्यावाचून संवादाचा उपदेश वाऱ्यावर जातो. वीस वर्षे अर्थशास्त्र शिकविताना आणि त्या निमित्ताने मुलांचे चेहरे वाचताना प्रस्तुत लेखकाचे असे मत बनले आहे की, आड येते ते पुष्कळदा एक कर्ज असते. बँकेचे कर्ज फेडता येते, त्याची मुदत लिहिलेली असते. हे दुसरे कर्ज मुलाने मनातल्या मनात आई-बापांच्या नावे मांडलेले असते आणि त्याची परतफेड कशाने होईल, हे त्याला कोणी सांगितलेले नसते.

या बाबतीत आमच्या शास्त्राने हात झटकून मोकळे होऊ नये. शिक्षणावरील खर्चाकडे उपभोग म्हणून न पाहता गुंतवणूक म्हणून पाहावे, हा विचार थिओडोर शुल्ट्झ यांनी १९६० साली अमेरिकन अर्थशास्त्रज्ञांच्या संस्थेपुढे अध्यक्षीय भाषणात मांडला. पुढे १९७९ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले आणि 'मानवी भांडवल' हा शब्द आमच्या पाठ्यपुस्तकांत कायमचा जाऊन बसला. विचार खोटा नाही. शाळा काढण्यासाठी सरकारांनी पैसा द्यावा, हे पटवून देण्याच्या कामी तो फार उपयोगी पडला. पण यंत्रातील भांडवल आणि माणसातील भांडवल यांत एक भेद आहे. यंत्र बंद पडले तर नुकसान मालकाचे होते. यंत्राला त्याचे काही वाटत नाही. मुलाच्या शिक्षणात पैसा घालणारा एक, आणि ते भांडवल अंगावर वागविणारा दुसरा. गुंतवणूक फसते आहे की काय, ही शंका सर्वांत आधी त्या दुसऱ्यालाच येते, आणि ती बोलून दाखविण्याची हिंमत सर्वांत कमी त्यालाच असते. माणसांना संपत्ती समजू नये, संपत्ती माणसांसाठी असते, हा जॉन स्टुअर्ट मिलचा आक्षेप शुल्ट्झ यांनी त्याच भाषणात नोंदवून बाजूला ठेवला. मिलला हा आक्षेप सुचावा, यात नवल नाही. मुलाच्या शिक्षणात बापाने केलेल्या गुंतवणुकीचे त्याच्याइतके ठळक उदाहरण इतिहासात दुसरे सापडणे कठीण आहे.

जॉनचा बाप जेम्स मिल हा स्कॉटलंडमधील एका चांभाराचा मुलगा. कोणाच्या तरी आश्रयाने शिकला, लंडनला आला, लेखणीवर घर चालवू लागला. हिंदुस्थानात कधीही पाऊल न टाकता त्याने हिंदुस्थानचा इतिहास लिहिला आणि त्या बळावर ईस्ट इंडिया कंपनीच्या कचेरीत नोकरी मिळविली. थोरल्या मुलाला त्याने शाळेत घातले नाही, स्वतः शिकविले. तिसऱ्या वर्षी ग्रीक, आठव्या वर्षी लॅटिन, आणि तेराव्या वर्षी रोज फिरायला जाताना रिकार्डोचे अर्थशास्त्र. बापाने सांगायचे, मुलाने दुसऱ्या दिवशी ते लिहून आणायचे, न पटल्यास पुन्हा लिहायचे. जेम्सच्या अर्थशास्त्रावरील पुस्तकाला पुढे याच टिपणांचा उपयोग झाला. सतराव्या वर्षी मुलगा कंपनीच्या त्याच कचेरीत, बापाच्याच हाताखाली कारकून झाला. कष्टाने वर आलेल्या बापाने पदरचा वेळ मुलावर असा ओतावा, हे आपल्याकडील कोणत्याही शिक्षकाला किंवा कारकुनाला परके वाटू नये.

१८२६ च्या शरदात, वयाच्या विसाव्या वर्षी, या मुलाचे मन अकस्मात थंडावले. ज्या उद्दिष्टांसाठी आपण घडविले गेलो ती सगळी उद्या साध्य झाली तरी आपल्याला आनंद होणार नाही, असे त्याला स्पष्ट दिसले. तो हिवाळा त्याने कसा काढला याचे वर्णन त्याच्या आत्मचरित्रात आहे आणि ते प्रत्येक पालकाने वाचावे असे आहे. त्याने कचेरी बुडविली नाही. सभांतून भाषणेही केली. सवयीच्या जोरावर सर्व व्यवहार बिनबोभाट चालू राहिले; पण असे जगणे वर्षभराहून अधिक काळ आपल्याला निभणार नाही, असे तो मनाशी म्हणत होता. व्यवहारातल्या अडचणीत ज्या बापाकडे तो सहज गेला असता, त्याच्याकडे या बाबतीत जाणे त्याला अशक्य वाटले. त्याचे कारण त्याने सांगितले आहे ते असे: आपले शिक्षण ही सर्वस्वी वडिलांची कृती, त्यांची योजना फसली हे सांगून त्यांना दुःख कशाला द्यायचे?

बापाचा धाक होता, हेही मिलने अन्यत्र कबूल केले आहे. परंतु येथे तोंड बंद केले ते धाकाने नव्हे, दयेने. पुढे मार्माँतेल या फ्रेंच लेखकाच्या आठवणींत बापाच्या मृत्यूनंतर मुलगा घराला धीर देतो तो प्रसंग वाचताना त्याला रडू आले आणि तेथून तो हळूहळू सावरला. हे आत्मचरित्र जॉनच्या मृत्यूनंतर १८७३ साली छापले गेले. जेम्स मिलला जाऊन तेव्हा ३७ वर्षे लोटली होती.

आपल्याकडचे एक उदाहरण याच्या शेजारी ठेवावेसे वाटते. मिलचे ग्रंथ ज्यांनी आपलेसे केले त्या गोपाळ गणेश आगरकरांनी एम.ए.च्या परीक्षेच्या सुमारास आईला पत्र लिहिले: मोठ्या परीक्षा झाल्या म्हणून मोठ्या पगाराची आशा धरू नकोस. त्यागाचे उदाहरण म्हणून हे पत्र आपण शाळाशाळांतून सांगतो. पण त्यातील दुसरी गोष्ट माझ्या लेखी तितकीच मोलाची आहे. आईचा अपेक्षाभंग होणार हे मुलाला ठाऊक होते, आणि तरीही ते तिला आधीच कळविता येईल असे त्याला वाटले. आगरकरांच्या घरी दारिद्र्य होते, मिलच्या घरी त्यामानाने सुबत्ता. बोलता येणे-न येणे हे पैशावर अवलंबून नसावे, असे निदान यावरून दिसते.

आता आपल्या घरांकडे येऊ. परगावी राहणाऱ्या मुलाशी घरच्यांचे दूरध्वनीवरचे बोलणे ऐकावे. जेवलास का? पैसे आहेत का? अभ्यास कसा चाललाय? पहिल्या दोन प्रश्नांना 'हो' आणि तिसऱ्याला 'चाललाय' याखेरीज उत्तर देण्याची सोयच त्यांत नाही. दोन मिनिटांत फोन खाली ठेवला जातो आणि उभय पक्षी कर्तव्य पार पडल्याचे समाधान राहते. घरच्या बाजूलाही हाच व्यवहार असतो. आजोबांचे ऑपरेशन झाले, वडिलांची बदली झाली, पतसंस्थेचे हप्ते थकले, तरी परीक्षा संपेपर्यंत मुलाला कळवायचे नाही. 'त्याच्या अभ्यासात व्यत्यय नको.' हे सर्व मायेपोटीच घडते यात संशय नाही. मात्र त्यातून मूल शिकते ते एवढेच की, या घरात वाईट बातमी मायेपोटी दडवायची असते. स्वतःची वाईट बातमी हाती येते तेव्हा तेही ती मायेपोटीच दडविते.

आणि पहिल्या वर्षी वाईट बातमी येतेच. तालुक्याच्या गावी मराठी माध्यमाच्या शाळेत पहिली आलेली मुलगी पुण्याच्या किंवा नागपूरच्या महाविद्यालयात येते. वर्गात सगळेच कोठून ना कोठून पहिले आलेले. व्याख्यान इंग्रजीत, पुस्तक इंग्रजीत, शेजारणींच्या गप्पा अर्ध्या इंग्रजीत. पहिल्या सत्राच्या निकालात दोन विषय राहतात. आमच्या विद्यापीठांत यासाठी एटीकेटीची सोय आहे: राहिलेले विषय पुन्हा देत पुढच्या वर्गात बसण्याची परवानगी. विद्यापीठाने ही सोय केली ती विषय राहणे हा नित्याचा प्रकार आहे म्हणूनच. पण पालकांपैकी अनेकांना हा शब्दच ठाऊक नसतो, आणि ज्यांना असतो त्यांच्या घरी तो कुजबुजत उच्चारला जातो. मग मुलगी निकाल लागलाच नाही असे सांगते. त्या एका खोट्यासाठी पुढे दहा खोटी बोलावी लागतात. सुट्टीत घरी जाणे टळते, कारण घरी कोणी गुणपत्रिका मागेल.

येथे आकड्यांचा उल्लेख केला पाहिजे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२२ साली देशात १,७०,९२४ व्यक्तींनी आत्महत्या केल्या. त्यांपैकी १३,०४४ विद्यार्थी होते. यात शाळकरी मुलेही आली. राज्यवार पाहता त्या वर्षी विद्यार्थ्यांच्या आत्महत्या सर्वाधिक महाराष्ट्रात झाल्या. या आकड्यांवरून प्रत्येक नापास विद्यार्थ्याबद्दल धास्ती घ्यावी, असा अर्थ काढणे मात्र चूक ठरेल. आत्महत्येला एकच एक कारण क्वचितच असते. आजार, प्रेमभंग, रॅगिंग, जातीवरून होणारी अवहेलना, व्यसन, कितीतरी धागे एकमेकांत गुंतलेले असतात. जीव न देताही महिनोन्महिने कुढत राहणाऱ्या मुलांची मोजदाद तर कोणत्याच अहवालात होत नाही.

तर मग पालकांनी करावे काय? पहिली गोष्ट, हिशेब लपवू नये आणि अर्धाही दाखवू नये. खर्चाची बाजू मुलाला तोंडपाठ असते. अपयशाची किंमत काय, हा रकाना मात्र कोरा असतो. कोऱ्या रकान्यात मूल स्वतःच्या भीतीने वाटेल तो आकडा भरते. समजा, एक वर्ष वाया गेले. त्या वर्षाचे शुल्क आणि राहण्या-जेवण्याचा खर्च मिळून दीड-दोन लाख रुपये, शिवाय नोकरी एक वर्ष उशिरा, म्हणजे वर्षभराचा पगार हुकला. शिक्षकाच्या किंवा कारकुनाच्या घराला ही रक्कम लहान नाही. पण ती मोजता येते, आणि ती कशी भागवायची याचा विचार करता येतो. शैक्षणिक कर्ज घेतले असेल तर त्याचे हप्ते सर्वसाधारणपणे अभ्यासक्रम संपल्यानंतर एक वर्षाने सुरू होतात. अभ्यासक्रम लांबला तर बँकेला वेळीच कळवून मुदतवाढ मागता येते. अभ्यासक्रम बदलला तर किती जाईल, तो सोडून गावी परतला तर काय करता येईल, हेही मांडावे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने पदवीच्या वाटेवर एका वर्षानंतर प्रमाणपत्र आणि दोन वर्षांनंतर पदविका घेऊन थांबण्याची व पुढे परत येण्याची तरतूद सुचविली आहे. तिच्या अंमलबजावणीबद्दल माझ्या मनात शंका आहेत. तरीही शिक्षण ही एकदा सुटली की गेली अशी गाडी राहिलेली नाही, हे मुलाला दाखविण्यापुरता तिचा उपयोग आहे.

हा हिशेब प्रवेशाच्या वेळी मांडावा. निकालानंतर "जाऊ दे, एक वर्ष गेले तर गेले" असे म्हणणाऱ्या बापाच्या चेहऱ्याकडे मूल पाहते आणि शब्दांवर विश्वास ठेवत नाही. तेच वाक्य जूनमध्ये, काही घडलेले नसताना, आकड्यांसह उच्चारले तर त्याला वजन येते. आणि खरोखरच वर्ष वाया घालविणे परवडणारे नसेल, तर तसे सांगून त्या प्रसंगी कोणती दुसरी वाट धरू, हे सांगावे. खोट्या दिलाशापेक्षा ते बरे. झालेला आणि परत न येणारा खर्च पुढचा निर्णय घेताना हिशेबात धरू नये, हे आम्ही प्रथम वर्षाच्या वर्गात शिकवितो. 'इतके पैसे घातलेत, आता मागे फिरायचे नाही' हे वाक्य त्या नियमाच्या नेमके उलट आहे, आणि अर्थशास्त्राच्या अध्यापकांच्या घरीही ते ऐकू येते.

मुलींच्या बाबतीत हिशेब आणखी कठीण होतो. मुलाने अडचण सांगितली तर त्याला रागे भरतात. मुलीने सांगितली तर तिला परत बोलावतात. 'जमत नसेल तर ये घरी' या शब्दांत बापाला माया दिसते, मुलीला त्यात स्थळे पाहण्याची सुरुवात ऐकू येते. तोंड उघडण्याची किंमत जर शिक्षण हीच असेल, तर शहाणी मुलगी तोंड उघडणार नाही. म्हणून मुलीच्या आई-वडिलांनी एक वचन स्पष्ट शब्दांत द्यायला हवे की, तिने काहीही सांगितले तरी तिच्या संमतीवाचून तिचे शिक्षण थांबविले जाणार नाही.

दुसरी गोष्ट प्रश्न विचारण्याची. 'अभ्यास कसा चाललाय' याऐवजी 'या आठवड्यात काय अवघड गेले' असे विचारून पाहावे, आणि उत्तर आले की लगेच उपाय सांगू नये. ही सवय मोडणे आम्हा शिक्षकांना विशेष जड जाते. त्याआधी घरातली अडचण मुलाला सांगावी. वडील कचेरीत साहेबाचे बोलणे ऐकून आले, आईची परीक्षा दुसऱ्यांदा राहिली, हे ज्या मुलाला मोकळेपणी कळते त्याला आपले सांगण्यासाठी निराळे धैर्य गोळा करावे लागत नाही. याचे दुसरे टोकही अलीकडे दिसते. मोबाइलवरून मुलगा कोठे आहे हे तासातासाला पाहणारे, वसतिगृहाच्या अधीक्षकाला रोज फोन करणारे पालक असतात. मुलगा कोठे आहे ते यंत्र सांगते. कसा आहे ते त्यालाच विचारावे लागते.

तिसरी गोष्ट धोका ओळखण्याची. उदासी नेहमी रडून दिसते असे नाही, हे मिलच्या हिवाळ्याने दाखविलेच आहे. झोपेचे चक्र उलटणे, जेवण तुटणे, आवडीच्या गोष्टी सुटणे, मित्रांपासून अंग काढून घेणे, स्वतःला निरुपयोगी म्हणत राहणे, हे दोन आठवड्यांहून अधिक चालले तर डॉक्टरांना दाखवावे. जपलेल्या वस्तू वाटून टाकणे, निरवानिरवीची भाषा, 'मी नसलो तर तुमचा खर्च वाचेल' असे वाक्य थट्टेतही आले, तर थांबू नये. अशा वेळी 'जीव द्यावासा वाटतो का' हे सरळ विचारावे. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरतो, ही समजूत निराधार आहे. विचारल्याने बहुधा सुटकाच वाटते. उत्तर होकारार्थी आले तर व्याख्यान देऊ नये, शपथा घालू नयेत, एकटे सोडू नये. मिळेल त्या गाडीने तेथे पोचावे, तोवर खोलीतल्या मित्राला थांबायला सांगावे आणि मानसोपचारतज्ज्ञाकडे न्यावे. केंद्र सरकारची टेलि-मानस ही विनामूल्य दूरध्वनी सेवा २०२२ च्या ऑक्टोबरपासून चालू आहे. १४४१६ या क्रमांकावर मराठीतूनही बोलता येते. पोलिसांच्या भीतीने प्रकरण दाबण्याचे कारण उरलेले नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असे गृहीत धरून तिला शिक्षेपासून संरक्षण दिले आहे आणि तिची काळजी घेण्याचे कर्तव्य सरकारवर टाकले आहे. गंडेदोरे आणि 'लग्न करून द्या, ठीक होईल' या उपचारांविषयी येथे लिहिण्याची गरज नसावी, अशी आशा आहे.

राहिला प्रश्न महाविद्यालयांचा. १०० किंवा त्याहून अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थेत निदान एक प्रशिक्षित समुपदेशक असावा, असे सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये बजावले आहे. आदेश योग्यच आहे. पण मुलाचे बदललेले वागणे प्रथम लक्षात येण्याची शक्यता असते ती वर्गावरील अध्यापकाच्या, आणि तो अध्यापक आज अनेक ठिकाणी तासिका तत्त्वावर नेमलेला असतो. त्याला दोन तास झाले की दुसऱ्या महाविद्यालयाची बस पकडायची असते. ज्याला स्वतःला पुढच्या वर्षी येथे असू की नाही हे माहीत नाही, त्याने ऐंशी मुलांची नावे आणि चेहरे लक्षात ठेवावेत अशी अपेक्षा कोणत्या तोंडाने करायची? रिक्त पदे भरण्याच्या मागणीत विद्यार्थ्यांच्या स्वास्थ्याचाही प्रश्न आहे, हे आमच्या संघटनांनीसुद्धा म्हणावे तितक्या जोराने म्हटलेले नाही.

पालकांच्या हातीही येथे काही आहे. प्रवेश घेताना ते कोणत्या कंपन्या नोकरी द्यायला येतात, किती पॅकेज मिळते, हे बारकाईने विचारतात. समुपदेशक आठवड्यातून किती दिवस येतो, त्याच्याजवळ बोललेले प्राचार्यांपर्यंत जाते काय, त्याची खोली कोठे आहे, हे कोणी विचारलेले माझ्या कानांवर अद्याप आलेले नाही. ते विचारावे, आणि ती खोली प्रत्यक्ष पाहून यावी. तिला कुलूप आढळले तर तसे लेखी कळवून पोच घ्यावी.